पंख्याच्या पात्यावर इयत्ता आठवी

सोलापूरच्या स्थानकावर तुळजापूरची एसटी लागली, तेव्हा माझ्या हातात एक बॅग, खांद्याला लॅपटॉप आणि डोक्यात फक्त आठवी-नववीचा विचार होता. गाडी भाविकांनी भरलेली होती. शेजारच्या बाईंच्या मांडीवर देवीची परडी होती आणि परडीला धक्का लागू नये म्हणून मी अर्धी बाकाबाहेर बसले होते. पुण्याहून रात्रभर जागत आले होते, पण मन तरतरीत होतं. कामाला निघालं की मला झोप लागत नाही आणि लागावी असं वाटतही नाही.

"नवसाला निघालाव का?" बाईंनी विचारलं.

"नाही, शाळेच्या कामाला."

"मास्तरीण हाव?"

"मास्तरीण नाही. शाळांसाठी पैसे शोधते."

"म्हंजी वर्गणी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वर्गणीच, फक्त तिची पावती फार लांबलचक असते. त्यांना ते पटलं. पुण्यात लोकांना माझं काम समजावताना माझी दमछाक होते आणि इथं ते एका शब्दात संपलं. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजाच्या कामावर खर्चावा लागतो. काही प्रतिष्ठानं त्यासाठीच काढलेली असतात. पैसा त्यांच्याकडे असतो, पण कुठल्या आडवळणाच्या शाळेला खरी गरज आहे हे त्यांना कळत नाही, आणि त्या शाळेला कुणाचं दार वाजवायचं ते ठाऊक नसतं. मी दोघांच्या मधे बसते. स्थळं जुळवणाऱ्या बाईला दोन्हीकडच्या खोडी माहीत असाव्या लागतात, तशाच मलाही. आणि मी हे काम चांगलं करते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

या खेपेचं स्थळ होतं भूम तालुक्यात, ईटच्या पुढं माळेवाडीत. तिथली शाळा आठवीपर्यंत. नववी-दहावीचे वर्ग काढायची परवानगी मिळण्यासारखी होती, शिक्षकही मिळणार होते, पण दोन खोल्या नव्हत्या. एका प्रतिष्ठानानं माझा प्रस्ताव वाचून अधिकारी पाठवायचं कबूल केलं होतं. त्यांना शाळा पटली तर जूनच्या आत खोल्या उभ्या राहणार होत्या. नाही पटली तर यंदा आठवीत असलेल्या मुली घरी बसणार होत्या, कारण ईटची बस सकाळी जाते ती अंधार पडल्यावर परतते आणि त्या बसनं मुलीला पाठवायला वाडीत कुणाची छाती होत नाही.

तुळजापूरला आमच्या घराण्याचे पुजारी गुरुनाथकाका यांच्याकडं उतरले. आमचे आजोबाही त्यांच्याच घरी उतरायचे. काकूंनी भाकरी, शेंगांची चटणी आणि आमटी वाढली आणि मी पुण्यात काय खाते याची चौकशी करून माझ्याकडं दयेनं पाहिलं. दर्शनाला जाताना मंदिराच्या पायऱ्यांपाशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिथंच बसून सेफ्टी पिन लावताना मी फरशी वाचू लागले. पायरीपायरीवर नावं. अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवर नाव, लोखंडी बाकावर नाव.

"देवीला एवढी नावं वाचायला लावतात लोक," मी काकांना म्हटलं. माझ्या बोलण्यात जरा टोचणी होती. देणगीदारांच्या पाट्यांवरून होणारे वाद मिटवण्यात माझा निम्मा जन्म जातो.

काका हसले नाहीत. "देवीला कशाला वाचायचंय? तिला म्हायत हाय कुणी दिलं. ही नावं मागं ऱ्हाणाऱ्यांसाठी असत्यात. लेकरू येतं, पायरीवर आजाचं नाव बगतं, हात लावून पुढं जातं. बास."

मी पिन लावली आणि लंगडत पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवला गाडी बदलली. तिथं नाश्त्याला गुलाबजाम खाल्ले. नाश्त्याला गुलाबजाम खाऊ नयेत असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते धाराशिवचे खाल्लेले नाहीत. पुढं येरमाळ्याला गाडी चहाला थांबली. टेकडीवर येडेश्वरीचं देऊळ, खाली महामार्गाला लागून नारळ-बांगड्यांची दुकानं. एका दुकानातल्या बाईंकडून चपलेसाठी दुसरी पिन घेतली. बोलता बोलता त्यांनी माझं काम काढून घेतलं.

"मागायला चाललाव तर येक सांगू?" त्या म्हणाल्या. "आमच्या येडाईपुढं लोकं रडून मागत्यात. घरात चार बैलं असली तरी येकच सांगत्यात. तुमच्या शाळावाल्यांना बी तसंच शिकवा."

हा सल्ला मी हसण्यावारी नेला. माझ्या कामात खोटं रडणं चालत नाही; अधिकारी दारातच ओळखतात. पण मिळायच्या आधीच आभार मानणंही तितकंच महागात पडतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

वाशीच्या पुढं महामार्ग सुटला आणि बालाघाटाचं पठार सुरू झालं. ज्वारी काढून झाली होती, शेतात कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. मधेच करडईचा पिवळा तुकडा, मधेच नुसताच काळा माळ. ईटच्या थांब्यावर मुख्याध्यापिका वनिताबाई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि स्कूटी अशी चालवतात की मागच्या माणसाला देव आठवावा. वाडी जवळ आल्याचं मला नाकानं कळलं. दूध आटत असल्याचा गोड, किंचित करपट वास सगळ्या शिवारावर पसरला होता. इथं घरोघरी खव्याच्या भट्ट्या (दूध आटवायच्या मोठ्या चुली) आहेत आणि इथला खवा लांबलांब पेढ्यांसाठी जातो.

शाळा साधी, स्वच्छ, पत्र्याची. आत गेल्यावर मी वर पाहिलं आणि थांबले. पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: चि. सौ. कां. सुमन भागवत, इयत्ता आठवी, यांजकडून सप्रेम भेट. दुसऱ्या पंख्यावर दुसरं नाव, खाली पुन्हा इयत्ता आठवी. बाकांच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर, लोखंडी कपाटावर, तसंच.

वनिताबाईंनी सांगितलं, "वाडीची रीत आहे ही. मुलीचं लग्न ठरलं की रुखवताच्या आधी एक वस्तू शाळेला द्यायची. त्यावर तिचं नाव आणि ती कितवीपर्यंत शिकली ते लिहायचं. माझ्या आधीच्या गुरुजींनी चालू केली. आता कुणी मोडत नाही."

मला रीत आवडली. पण प्रस्तावात असल्या गोष्टींना रकाना नसतो. मी खोल्यांची जागा मोजली, पटसंख्या तपासली, छताचे फोटो काढले आणि माझी फाइल पक्की केली.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भागवतअण्णा, म्हणजे पंख्यावरच्या सुमनचे वडील, भट्टीवरून थेट आले होते. हातावर दुधाचे वाळलेले ओघळ होते. त्यांची धाकटी मुलगी पल्लवी यंदा आठवीत होती. हे त्यांनी मला बसायच्या आधी सांगितलं आणि उठताना पुन्हा सांगितलं.

मी प्रतिष्ठानाचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. अधिकारी उद्या सकाळी येतील, शाळा बघतील, मुलांशी बोलतील. शेवटी एक अट होती: मिळालेल्या मदतीवर प्रतिष्ठानाचं नाव ठळकपणे दिसलं पाहिजे.

"नावाची काळजी करू नका, मॅडम," अण्णा म्हणाले. "नावाच्या बाबतीत आमची वाडी कुणाला हार जायची न्हाय."

सगळे हसले, मीही हसले आणि वनिताबाईंच्या मागं बसून ईटला मुक्कामाला गेले.

सकाळी परत आलो तर वाडीच्या वेशीपासूनच टर्पेंटाइनचा वास. शाळेच्या फाटकावर प्रतिष्ठानाचं नाव होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. माळेवाडीनं ते माझ्या वाट्याचंही लिहून टाकलं आहे. ते टाकीवर होतं, कपाटावर होतं, प्रत्येक बाकाच्या पाठीवर होतं. पंख्याच्या पात्यांवर होतं. हातपंपावर होतं. जेवणासाठी आणलेल्या खव्याच्या कढईच्या कडेलाही होतं. जुन्या नावांवर रंगाचा एक हात मारून त्यावर ठळक अक्षरात सगळं काढलेलं. पेंटर शेवटच्या बाकावर टिंब देत होता.

"अण्णा बोले, जो दिखेगा उसपे लिखो," त्यानं मला समाधानानं सांगितलं. "रंग अजून ओला हाय मॅडम, हात लावू नगा."

मी हात लावून बसले होते. पांढरी ओढणी, तिच्यावर उलटी अक्षरं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या कामात एक गोष्ट विषासारखी आहे: न दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव. अधिकाऱ्यांना वाटतं, कुणीतरी आपल्या नावावर दुसऱ्याचंच खपवलंय. मग ते कुणाचं काही ऐकून घेत नाहीत.

"अण्णा, हे त्यांनी दिलेलं नाही ना अजून," मी म्हटलं.

"देणार हाईत की," अण्णा शांतपणे म्हणाले.

मी पुढं काही बोलायच्या आत धूळ उडवत गाडी आलीच. प्रतिष्ठानाच्या अधिकारी रेवती मॅडम उतरल्या. घरी कन्नड बोलणाऱ्या, उमरग्याच्या बाजूच्या. मराठी मोजून-मापून बोलत. त्यांनी फाटक पाहिलं. टाकी पाहिली. आत जाऊन बाकांमधून एक फेरी मारली आणि वर पंख्याकडं बघत उभ्या राहिल्या. पल्लवीनं आणलेला हार त्यांनी गळ्यात न घालता हातातच घेतला.

"हे सगळं आम्ही दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

फोटोसाठी बाहेर काढलेला मोबाइल त्यांनी पर्समध्ये परत ठेवला.

"असा फोटो मी वर पाठवू शकत नाही. पाठवला तर फाइल तिथंच बंद होईल. आणि न पाठवता काही मंजूरही होणार नाही."

मी समजवायला पुढं झाले, पण अण्णाच आधी बोलले. आवाज चढला नव्हता, हात मात्र जोडलेले होते.

"मॅडम, ह्यात लबाडी न्हाय. म्याच सांगितलं पेंटरला. पावना दारात यायच्या आदी आमी पाट मांडतो. तसं तुमचं नाव मांडलं. तुमी नाय म्हणाल हे ध्यानातच आलं न्हाय आमच्या."

रेवती मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "तुमचा हेतू चांगला असेल," त्या म्हणाल्या. "पण हे माझ्यासमोर पुसा. मग बाकीचं बघू."

अण्णांची थोरली सुमन बार्शीहून माहेरी आली होती. पाहुण्यांच्या जेवणासाठी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळून शिजवलेली तिखट भाजी) करायला तीच चुलीपाशी होती. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि कुणाला न विचारता ट्रॅक्टरमधलं डिझेल एका डब्यात काढून आणलं. मागोमाग वाडीतल्या चार बायका जुन्या साड्यांच्या चिंध्या घेऊन आल्या. पेंटर तेवढा हळहळत होता, "अजून सुकलं पण न्हाय." त्याच्या त्या हळहळीत आमचं नशीब होतं. रंग ओला होता म्हणूनच निघत होता.

सुमन टेबलावर चढली. टेबल पल्लवीनं धरलं होतं. सुमननं चिंधीनं पातं पुसायला घेतलं. आधी प्रतिष्ठानाचं नाव फिसकटलं, मग त्याखालचा रंगाचा हात निघाला आणि मग त्याच्याही खालची, वाळून घट्ट झालेली जुनी अक्षरं जशीच्या तशी वर आली. चि. सौ. कां. सुमन भागवत. इयत्ता आठवी.

खाली बायका बाक पुसत होत्या. एकेका पाठीवर एकेक नाव उघडं पडत होतं. रेवती मॅडम बाकांमधून पुन्हा फिरू लागल्या, या वेळी हळू. त्या मोठ्यानं वाचत नव्हत्या, पण ओठ हलत होते. इयत्ता आठवी. इयत्ता आठवी. कपाटापाशी थांबल्या. तिथंही इयत्ता आठवी.

वनिताबाईंनी त्यांना रीत सांगितली, थोडक्यात, मला सांगितली होती तशीच.

"पण सगळ्या आठवीच कशा?" रेवती मॅडमनी विचारलं. "एकही नववी नाही, दहावी नाही?"

वनिताबाई उत्तर द्यायला वळल्या, तेवढ्यात टेबलावरून सुमननंच खाली न बघता सांगितलं, "नववी हितं कुठं व्हती, मॅडम."

आणि ती दुसरं पातं पुसू लागली.

आदल्या दिवशी मी ह्याच वर्गात उभी राहून छताचे फोटो काढले होते. पटसंख्या, गळतीचं प्रमाण, आजूबाजूच्या शाळांची अंतरं, सगळं माझ्या फाइलमध्ये होतं. पण डोळ्यांसमोर बाकांच्या पाठीवर जे लिहिलेलं होतं त्यापेक्षा जास्त त्या फाइलमध्ये काहीच नव्हतं.

"हा तुझा पंखा?" रेवती मॅडम वर बघत म्हणाल्या.

"व्हय."

"पुढं शिकायचं होतं?"

सुमन जराशी हसली. "गणित चांगलं व्हतं माझं. आता बार्शीत दुकानाचा हिशोब म्याच बगते. शिकायचं लई व्हतं, पर बसनं कोण सोडतंय." मग तिनं चिंधी पिळली. "आता हिचं तरी व्हावं."

रेवती मॅडमनी टेबल धरून उभ्या असलेल्या पल्लवीकडं पाहिलं. "तू कितवीत?"

"आठवीत," पल्लवी म्हणाली.

अण्णा दारात उभे होते. ते वळून बाहेर गेले आणि भट्टीकडं काहीतरी काम असल्यासारखे चालू लागले. भट्टी त्या वेळी बंद होती.

पुसून झाल्यावर सगळ्या वर्गाला डिझेलचा वास येत होता आणि खिडक्या उघड्या टाकून आम्ही व्हरांड्यात जेवायला बसलो. रेवती मॅडमनी शेंगोळी दोनदा मागून घेतली. निघताना त्यांनी पंख्याचा आणि बाकांचा फोटो काढला. "निर्णय माझा एकटीचा नाही. कळवते," एवढंच म्हणाल्या. हातातला हार त्यांनी गाडीत बसताना गळ्यात घातला. मी हे वनिताबाईंना दाखवलं. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं.

मी बार्शीमार्गे परतले. बसमध्ये मी ओढणीवरची उलटी अक्षरं घडीत लपवून बसले होते आणि तरीही मला खात्री होती. ही खात्री कागदावरची नव्हती. स्थळ जुळलं की ते दोन्हीकडच्या माणसांच्या चालण्या-बोलण्यात दिसतं, आणि मी ते हारात पाहिलं होतं.

काही आठवड्यांनी पुण्यात पत्र आलं. दोन खोल्या मंजूर, काम जूनच्या आत. नावाबद्दलची अट बदलली होती: बाहेरच्या भिंतीवर एकच लहान पाटी, आणि शाळेच्या जुन्या वस्तूंवरची नावं आहेत तशी जपावीत. पत्रासोबत आलेल्या प्रस्तावाच्या प्रतीला शेवटी दोन फोटो जोडले होते. त्यांना रकाना नव्हता. रेवती मॅडमनी तो हातानं आखला होता.

मी लगेच वनिताबाईंना फोन लावला. त्यांना आधीच कळलेली बातमी मी सांगितली आणि त्यांनी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकून घेतली. मग फोन अण्णांच्या हातात गेला. मागं दुधाच्या कढईवर उलथनं घासल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, नव्या खोलीत येक पंखा आमच्याकडनं," अण्णा म्हणाले. "आणला बी. पेंटर हितंच हाय."

"अण्णा, आता कुणाचं नाव लिहिताय?" मी घाबरून विचारलं.

"नाव न्हाय लिहिलं. तुमीच म्हणला व्हता ना, जे अजून झालं न्हाय त्यावर नाव टाकायचं नसतं. म्हणून नावाची जागा मोकळी ठिवली." ते थांबले. उलथन्याचा आवाजही थांबला. "इयत्ता तेवढी लिहून घेतली. दहावी."